कुष्ठरोगाचा जंतू आणि रुग्णाचा शोध : पनवेल तालुक्याच्या संदर्भात

कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूच्याही नऊ वर्षे आधी सापडला. नॉर्वेतील बर्गन शहरात गेरहार्ड आर्मर हॅन्सन यांनी १८७३ साली तो रुग्णाच्या गाठींमधील पेशींत पाहिला. या रोगावर परिणामकारक औषध १९४० च्या दशकापासून आहे आणि ठरावीक मुदतीत रोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधोपचार पद्धती १९८० च्या दशकापासून वापरात आहे. तरीही २०२३ या एका वर्षात जगभरात १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १ लाख ७ हजारांहून अधिक एकट्या भारतातले होते. औषध हाताशी असताना रोग का टिकून आहे, हा कुष्ठरोगाच्या आजच्या संशोधनातला मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर काही अंशी जंतूच्या जीवनक्रमात सापडते आणि काही अंशी रुग्ण शोधण्याच्या पद्धतीत.

या दोन्ही अंगांशी रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचा जवळचा संबंध आहे. नेरे गावाजवळचे शांतिवन कुष्ठरुग्णांच्या उपचाराचे आणि पुनर्वसनाचे ठिकाण म्हणून अनेक दशके ओळखले जाते. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. परळच्या ज्या प्रयोगशाळेत कुष्ठरोगावरच्या एका भारतीय लशीचे बीज रुजले, त्या प्रयोगशाळेची वारसदार हीच संस्था. तिसरा संबंध सर्वांत महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याची घोषणा झाल्यानंतर, रुग्ण खरोखर किती उरले आहेत हे तपासण्यासाठी ज्या मोजक्या ठिकाणी घरोघर पाहणी झाली, त्यांत पनवेल तालुका होता. तिथे जे आढळले त्याने सरकारी आकड्यांवरचा विश्वास डळमळीत झाला आणि तो डळमळणे आवश्यकच होते.

कुष्ठरोगाचा जंतू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम लेप्री, हा क्षयाच्या जंतूचा सख्खा नातलग. पण त्याची चाल विलक्षण संथ आहे. पटकीचा जंतू अनुकूल स्थितीत तासाभरात एकाचे दोन होतो; कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. कधी वीस वर्षे किंवा त्याहून अधिक. आपल्याला हा रोग कोणाकडून आणि केव्हा लागला हे बहुतेक रुग्णांना सांगता येत नाही, त्याचे कारण हे आहे. जंतूला शरीरातील थंड भाग मानवतात: त्वचा, नाकाचा आतला भाग, कानाच्या पाळ्या, कोपर आणि घोट्याजवळून वरवर जाणाऱ्या नसा.

प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमात हा जंतू आजवर वाढवता आलेला नाही. जंतुशास्त्रातला बराचसा अभ्यास बशीत वाढवलेल्या जंतूंवर उभा असतो, त्यामुळे कुष्ठरोगाच्या संशोधनाची वाट पहिल्यापासूनच अडलेली राहिली. अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० मध्ये उंदराच्या तळपायात हा जंतू मर्यादित प्रमाणात वाढतो हे दाखवले. तळपाय निवडला गेला तो थंड असतो म्हणून. पुढे १९७१ मध्ये आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात त्याची भरपूर वाढ होते असे आढळले. त्याच्या शरीराचे तापमान कमी असते. औषधे, लशी आणि त्वचेवरच्या चाचण्या यांसाठी लागणारे जंतू पुढची अनेक वर्षे या प्राण्यांकडूनच मिळाले.

जंतूची संपूर्ण जनुकीय संहिता २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी वापरलेला वाण तामिळनाडूतील रुग्णाकडून आलेला होता. या संहितेतून जंतूच्या परावलंबनाचा उलगडा झाला. क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार जनुके कामाची असतात, इथे ती जेमतेम सोळाशे भरली. अकराशेहून अधिक जनुके मोडलेल्या, निकामी अवस्थेत आढळली. माणसाच्या पेशीत शिरून तिथल्याच रसदीवर जगण्याची सवय लागल्यावर या जंतूने स्वतंत्र जगण्याची साधने एकेक करून गमावली आहेत. त्याला बशीत वाढवता न येण्याचे मूळ बहुधा इथेच आहे.

रोगाचे खरे नुकसान नसांमध्ये होते. त्वचेवरचा चट्टा दिसतो, म्हणून लोक त्याला रोग समजतात; पण हाताची वाकडी बोटे, पायाची न भरणारी जखम, डोळ्याची न मिटणारी पापणी हे सगळे मज्जातंतू निकामी झाल्याचे परिणाम आहेत. मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या सुमारास आरंभीच्या अवस्थेतील चट्ट्यांचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि जंतू अगदी सुरुवातीपासून त्वचेतील बारीक नसांमध्ये असतो, या मुद्द्यावर भर दिला. त्यानंतरची पाऊणशे वर्षे संशोधक याच वाटेने खोल गेले आहेत. नसेच्या तंतूंना गुंडाळून असणाऱ्या श्वान पेशींवर जंतू कोणत्या रेणूला धरून चिकटतो, हे अनुरा रंबुक्कना यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले. त्याच गटाने २०१३ मध्ये आणखी पुढची गोष्ट मांडली. जंतू श्वान पेशीला तिची ओळख विसरायला लावतो, तिला मूलपेशीसारख्या अवस्थेत नेतो आणि तिच्या आधारे इतर ऊतींत पसरू शकतो. ही निरीक्षणे उंदरांतील पेशींवरची आहेत, हे लक्षात ठेवून त्यांचे मोल ठरवले पाहिजे. केंब्रिजमधील ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१७ मध्ये झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांत वेगळेच दृश्य पाहिले. जंतूच्या आवरणातील एका मेदयुक्त पदार्थाच्या प्रभावाखाली शरीराच्याच भक्षक पेशी नसेवरच्या आवरणाला इजा करत होत्या. नसेचा नाश थेट जंतूमुळे किती आणि शरीराच्या प्रतिकारामुळे किती, हा वाद त्यामुळे अधिक अचूक पातळीवर आला आहे.

वैद्यकीय अनुभवही दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतो. उपचार सुरू असताना किंवा संपल्यावरही काही रुग्णांना अचानक 'रिॲक्शन' येते: चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखू लागतात, हातापायाची ताकद काही दिवसांत जाते. त्या वेळी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर तुटून पडलेले असते. स्टेरॉइडचा उपचार वेळेत झाला तर नस वाचते. औषधामुळेच रोग वाढला, असा समज करून घेऊन रुग्ण नेमक्या याच क्षणी गोळ्या सोडतो आणि कायमचे अपंगत्व पदरी येते.

जंतूचा संपर्क आलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग होतच नाही; त्यांची प्रतिकारशक्ती जंतूला परतवते. उरलेल्यांमध्ये रोग कोणत्या रूपात दिसेल, हेही प्रतिकारशक्तीवरच ठरते. ज्यांचा प्रतिकार बळकट, त्यांच्या अंगावर मोजके बधिर चट्टे उठतात आणि त्यांत जंतू जवळजवळ सापडत नाहीत. ज्यांचा प्रतिकार दुबळा, त्यांच्या त्वचेत जंतूंची अफाट वाढ होते, गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. सरकारी कार्यक्रमात पाचपर्यंत चट्टे असलेल्या रुग्णाला असांसर्गिक आणि त्याहून अधिक असलेल्याला सांसर्गिक गटात घालतात. रोग पसरतो तो मुख्यतः दुसऱ्या गटातील, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातील स्रावातून, दीर्घकाळच्या निकट सहवासाने. औषध सुरू झाले की संसर्गाची शक्यता फार लवकर संपते.

प्रतिकारशक्तीला बाहेरून बळ देता येईल का, या प्रश्नाच्या उत्तरासाठी मुंबईत झालेले काम मराठी वाचकांना फारसे माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. १९५२ मध्ये परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. कर्करोगाच्या या संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यासही त्यांनी आग्रहाने चालू ठेवला. पुण्यात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली होती. सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये सांसर्गिक कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा करून वाढवल्याचे जाहीर केले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो 'आयसीआरसी' जंतू म्हणून ओळखला गेला.

हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर पुष्कळ वाद झाला. पुढील तपासण्यांत तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या वेगळ्या जंतुसमूहातला ठरला. पण वाद मिटल्यावरही जंतूचा उपयोग संपला नाही. कुष्ठरोगाच्या जंतूशी त्याचे काही घटक इतके जुळतात, की त्याला ओळखायला शिकलेले शरीर कुष्ठरोगाच्या जंतूलाही ओळखू शकते, ही गोष्ट डॉ. मधुकर देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने मारलेल्या या जंतूंपासून लस तयार केली. दक्षिण भारतात १९९० च्या दशकात एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांवर चार लशींची तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. बीसीजी आणि मारलेले कुष्ठरोगाचे जंतू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के, नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के आणि दिल्लीत विकसित झालेल्या दुसऱ्या भारतीय लशीने २५.७ टक्के. इतके चांगले फळ मिळूनही आयसीआरसी लस सार्वजनिक कार्यक्रमात आली नाही. बहुविध औषधोपचारामुळे रोग लवकरच संपेल, ही त्या काळची खात्री लशींच्या मुळावर आली असे म्हणावे लागते. परळची संस्था दरम्यान टाटा स्मारक केंद्रात सामील झाली होती. तिचे संशोधन पुढे खारघरला हलले आणि ॲक्ट्रेकचा भाग झाले.

औषधांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. डॅप्सोन या स्वस्त गोळीने १९५० च्या दशकात उपचार घरोघर नेणे शक्य झाले. पण आयुष्यभर एकच औषध घेण्याच्या पद्धतीत जंतू त्याला सरावले. १९६४ मध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. असांसर्गिक रुग्णाला सहा महिने आणि सांसर्गिक रुग्णाला आता बारा महिने हे उपचार चालतात. भारतात एप्रिल २०२५ पासून असांसर्गिक रुग्णालाही दोनऐवजी तीन औषधे दिली जातात.

गोळी देण्यासाठी आधी रुग्ण सापडावा लागतो, हे महाराष्ट्राने फार लवकर ओळखले होते. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रा. वि. वारदेकर यांनी १९५० च्या दशकात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर काम बांधले. कार्यकर्ता ठरवून दिलेल्या गावांत घरोघर जाई, प्रत्येकाचे अंग तपासे, चट्टा बधिर आहे का पाही, रोगाची माहिती देई आणि तिथेच औषध देई. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. रायगड जिल्ह्यातच, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात एक पाऊल पुढे टाकले. अंतिया हे कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे नामवंत शल्यविशारद. गावातल्या अल्पशिक्षित बायका शिकवल्यावर क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखू शकतात, हे त्यांनी मांडव्यात दाखवून दिले. आजची आशा कार्यकर्ती ज्या विचारातून आली, त्या विचाराच्या आरंभीच्या प्रयोगांत मांडव्याची गणना होते.

पुढे मात्र आकडा हेच उद्दिष्ट झाले. जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण म्हणजे सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने कुष्ठरोगाचे निर्मूलन, अशी व्याख्या केली. डिसेंबर २००५ मध्ये भारताचे प्रमाण ०.९५ वर आले आणि निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. या मोजणीतली अडचण समजून घेण्यासारखी आहे. ती फक्त त्या क्षणी औषध चालू असलेल्या, नोंदवहीत नाव असलेल्या रुग्णांची मोजणी आहे. उपचाराची मुदत चोवीस महिन्यांवरून बारावर आणली की नावे लवकर कमी होतात आणि रोगाचा प्रसार तसूभरही न घटता प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. नव्या रुग्णांचे आकडे अधिक बोलके आहेत. देशात २००३ मध्ये ३ लाख ६७ हजार, २००४ मध्ये २ लाख ६० हजार आणि २००५ मध्ये १ लाख ६१ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. ज्या रोगाला दिसू लागायलाच सरासरी पाच वर्षे लागतात, त्याचे नवे रुग्ण दोन वर्षांत निम्म्याहून खाली येणे जंतूच्या स्वभावाशी विसंगत आहे. कमी झाला होता तो शोध. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, घरोघरचे सर्वेक्षण थांबले आणि रुग्णाने आपण होऊन दवाखान्यात यावे अशी अपेक्षा उरली.

याच पार्श्वभूमीवर अंतियांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने, डॉ. व्ही. पी. शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली, पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि मुंबईच्या एका शहरी भागात घरोघर पाहणी केली. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी संशयित निवडले, तज्ज्ञांनी निदान पक्के केले, त्वचेच्या द्रवाची आणि ऊतीच्या तुकड्याची तपासणी झाली. २००९ मध्ये 'लेप्रसी रिव्ह्यू' या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार आजवर कुठेच न नोंदलेले रुग्ण सरकारी नोंदींच्या कैक पटींनी होते. त्यांत लहान मुले लक्षणीय संख्येने होती. या माहितीचे गांभीर्य मोठे आहे, कारण लहान मुलाला झालेला कुष्ठरोग जुना असू शकत नाही. त्याच्या आसपास उपचार न घेतलेला रुग्ण अलीकडच्या काळात वावरत होता, एवढेच त्याचा चट्टा सांगतो. काही मुलांच्या त्वचेत जंतू आढळले, म्हणजे ती स्वतःही रोग पसरवण्याच्या अवस्थेत होती.

असे रुग्ण नजरेतून सुटण्याची कारणे पनवेलच्या भूगोलात आणि लोकजीवनात दिसतात. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांपासून आरोग्य केंद्र दूर. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर निघून जातात. दुसरीकडे खाडीच्या बाजूला कळंबोली, कामोठे, खारघर अशी नवी शहरे वसली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, विमानतळाचे काम आले आणि बांधकामावर अनेक राज्यांतून मजूर आले. मजूर एका बांधकामावरून दुसऱ्यावर जातो, नोंदवही मात्र जागीच राहते. शिवाय आरंभीचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, कामात आड येत नाही. रोजंदारी बुडवून तो दाखवायला कोण जाईल?

शोध थांबला की आकडा घसरतो, याचा आणखी एक पुरावा करोनाच्या साथीने दिला. भारतात २०१९ मध्ये १ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते ६५ हजारांवर आले आणि २०२२ मध्ये पुन्हा एक लाखापार गेले. दरम्यान केंद्र सरकारने २०१६ पासून घरोघर कुष्ठरुग्ण शोध अभियान पुन्हा सुरू केले आहे. जुनी पद्धत परत आली हे उत्तम झाले. मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या नसा गेल्या त्यांना तिचा उपयोग नाही.

सापडलेल्या रुग्णाभोवतीच्या माणसांना रोगापासून वाचवणे, हा गेल्या दोन दशकांतला सर्वांत व्यवहार्य शोध ठरला. बांगलादेशातील एका मोठ्या चाचणीत रुग्णाच्या संपर्कातील लोकांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातील नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली. भारतीय कार्यक्रमातही तो आला आहे. त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. दोन वर्षांनंतर फरक दिसला नाही आणि ज्यांना धोका सर्वाधिक, त्या घरातल्याच माणसांत परिणाम तुलनेने कमी होता. म्हणून अधिक प्रभावी औषधे, एकाहून अधिक डोस आणि औषधाबरोबर लस असे पर्याय तपासले जात आहेत. लशींचे बाजूला पडलेले काम त्यामुळे पुन्हा महत्त्वाचे झाले आहे.

माणूस हाच या जंतूचा एकमेव आश्रय आहे, ही समजूतही आता टिकलेली नाही. ब्रिटिश बेटांवरील तांबड्या खारींत २०१६ मध्ये आणि पश्चिम आफ्रिकेतील रानटी चिंपांझींत २०२१ मध्ये हा रोग आढळला. भारतापुरता मात्र माणसाकडून माणसाला होणारा संसर्ग हाच प्रमुख मार्ग आहे. राजस्थानातील बालाथल येथे सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा ओळखल्या गेल्या, इतका या भूमीवर त्याचा मुक्काम जुना आहे.

समाजाची भीती विज्ञानाच्या मागे फार हळू चालत आली. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये वगळली गेली. म्हणजे पक्का उपचार मिळाल्यानंतरही साडेतीन दशकांहून अधिक काळ, बऱ्या होणाऱ्या आजारासाठी जोडीदाराला टाकून देण्याला कायद्याचा आधार होता. चट्टा लपवणाऱ्या रुग्णाला दोष देण्याआधी हा काळ लक्षात घ्यायला हवा.

अंगावर फिकट किंवा तांबूस, न खाजणारा आणि स्पर्श न कळणारा चट्टा, हातापायाला येणाऱ्या मुंग्या, कानाच्या जाड झालेल्या पाळ्या किंवा हातातून वस्तू निसटणे, यांपैकी काहीही आढळल्यास गावातील आशा कार्यकर्तीला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तपासणी आणि पूर्ण मुदतीची औषधे तिथे मोफत मिळतात.